पाच लाखांचं कार्ड आणि दाढेची कॅप: सिव्हिल, डेंटल कॉलेज की खासगी?

सांगलीच्या सिव्हिलमध्ये केस पेपरच्या रांगेत आणि खासगी क्लिनिकच्या बाकड्यावर हल्ली दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. "महात्मा फुले योजनेचं पाच लाखांचं कार्ड आहे, मग त्यात दाढेची कॅप का बसत नाही?" हा एक. "सरकारी दवाखान्यात सगळं मोफत झालंय म्हणतात, मग इथं पैसे कसले?" हा दुसरा. प्रश्न रास्त आहेत. उत्तर नीट न मिळाल्यानं काही माणसं वाचण्यासारखी दाढ फुकट निघतेय म्हणून काढून टाकतात, तर काही जण सिव्हिलमध्ये एका खेपेत उरकणाऱ्या कामासाठी उसने पैसे घेऊन खासगीत जातात. काम कोणतं, त्याला फेऱ्या किती आणि बिघडलं तर परत कुणाकडे जायचं, हे आधी कळलं तर कुठं जायचं ते ठरवणं अवघड राहत नाही.

कार्ड का चालत नाही

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाखावरून पाच लाख करायचं ठरलं, पण त्यामुळे सगळेच आजार तिच्यात आले असं झालं नाही. यादीत असलेलाच उपचार मिळतो. अपघातात जबडा मोडला किंवा तोंडाचा कर्करोग निघाला, तर योजनेचा उपयोग होतो. अशा वेळी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटायचं. कीड, रूट कॅनाल (दाढ न काढता तिची आतली नस काढून साफ करणं), कॅप, कवळी ही खुर्चीत बसून होणारी कामं. ती तिथं बसत नाहीत. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींचंही असंच आहे: दातांचा खर्च मिळतो तो अपघाताचा.

आता 'मोफत'चं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपर, तपासण्या, उपचार निःशुल्क झाले. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय वगैरे. पण सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, हे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे आणि ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं. खातं वेगळं, म्हणून नियम वेगळा. तिथलं शुल्क खासगीच्या मानानं अगदी किरकोळ असतं, पण 'फुकट' ऐकून गेलेला माणूस पावती बघून चिडतो. रेशन कार्ड आणि आधार जवळ ठेवा आणि शुल्क खिडकीवरच विचारून घ्या.

जागा दोन नाहीत, तीन आहेत

सांगली, मिरज, कराड या पट्ट्याचं नशीब असं की इथं मधला एक पर्याय आहे आणि तोच लोक विसरतात. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विद्यापीठाचं. ही कॉलेजं सरकारी नाहीत, त्यामुळे सगळं मोफत मिळेल असं धरून जाऊ नका. पण विद्यार्थ्यांना शिकायला रुग्ण लागतात, म्हणून दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी ठेवलेले असतात.

सरकारी रुग्णालयात दंतविभाग असतो तो जिल्हा आणि उपजिल्हा पातळीवर. काही ग्रामीण रुग्णालयांतही डेंटल चेअर असते. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सहसा नसते, तिथून फार तर चिठ्ठी मिळेल. दाढ काढणं, साधं सिमेंट भरणं, किटण काढणं, एक्स-रे, औषधं ही कामं इथं चांगली होतात. दाढा काढण्यात तर सरकारी डॉक्टरांचा हात फार सराईत असतो, कारण रोजचं कामच ते.

मग कॅप आणि कवळीला अडतं कुठं? ही वस्तू प्रत्येकाच्या मापाची वेगळी, लॅबमध्ये बनवावी लागते. गोळ्यांसारखी ती गठ्ठ्यानं खरेदी करून कपाटात ठेवता येत नाही. त्यासाठी तंत्रज्ञ, साहित्य, मापं नेण्या-आणण्याची सोय लागते, आणि ती मोजक्याच ठिकाणी असते. रूट कॅनालला अडतं ते रांगेमुळे. साधी दाढ पंधरा मिनिटांत निघते, दाढेचं रूट कॅनाल नीट करायचं तर एका बैठकीला पाऊण-एक तास जातो. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना एकटा डॉक्टर काय करणार? काही ठिकाणी उत्साही डॉक्टर वेळ देऊन करतातही. म्हणून 'होत नसेल' असं गृहीत न धरता "इथं रूट कॅनाल होतं का, आणि कॅप कुठं बसवायची?" हे दोन प्रश्न एकत्र विचारायचे. पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'बाहेर' असं येऊ शकतं.

दाढ कुठल्या टप्प्यावर आहे?

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे इनॅमल. शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात संवेदना नाही. त्याच्या आत डेंटिन, हे मऊ आणि संवेदना पोचवणारं. सगळ्यात आत नस, जिला डॉक्टर पल्प म्हणतात. कीड या क्रमानं आत जाते आणि खर्चही याच क्रमानं वाढतो.

इनॅमलवर काळा ठिपका आहे, दुखत काही नाही: इथं सिमेंट भरून, कधी नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. डेंटिनपर्यंत गेली की गार पाणी, गुळाचा खडा, उसाचा रस यांनी कळ येते, पण घोट गिळला की दोन-चार सेकंदांत जाते. ही दाढ अजून सिमेंटवर वाचते, आणि हे काम सरकारीत व्यवस्थित होतं. याच वेळी गेलात तर या लेखातलं पुढचं निम्मं तुमच्या कामाचं उरत नाही.

गार लागल्यावर कळ मिनिटभर टिकते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो, काही न खाता आपोआप सुरू होतो, गरम चहानं झिणझिण्या येतात: नस परत बरी होण्याच्या पलीकडे गेली. आता रूट कॅनाल किंवा दाढ काढणं, हे दोनच मार्ग.

यानंतर जे होतं त्यात लोक सर्वांत जास्त फसतात. ठणका एके दिवशी थांबतो. मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी बरं वाटलं असं वाटतं. खरं तर नस मेली म्हणून दुखणं थांबलं. जंतू आतच आहेत आणि मुळाच्या टोकाशी हाड खातात. काही महिन्यांनी गाल सुजतो, हिरडीवर पुळी येते, दाबली की पू येतो. अँटिबायोटिकनं सूज उतरते, पण मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही म्हणजे औषधही पोचत नाही. आतून साफ केल्याशिवाय हे मिटत नाही.

"काढूनच टाका डॉक्टर"

हे वाक्य दंतविभागात रोज ऐकू येतं, आणि हिशेब समजतो. दाढ काढायला एक खेप, पैसे नाहीत किंवा नावाला. रूट कॅनालला दोन-तीन खेपा, वर कॅपच्या दोन. जतहून किंवा दहिवडीहून येणाऱ्याचा प्रत्येक खेपेला एसटीचा खर्च आणि एक दिवसाची मजुरी जाते. ती खर्चात धरायलाच हवी. शहरातले सल्लागार ती धरत नाहीत.

पण दुसरी बाजूही मांडा. खालची पहिली मोठी दाढ काढली की शेजारची दाढ रिकाम्या जागेत कलते आणि वरची खाली उतरू लागते. अन्न अडकतं, त्या दातांना कीड लागते. वर्षा-दोन वर्षांनी दात बसवायचं मनात आलं तर ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या दातासाठी, दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात आणि तीन कॅपचा खर्च येतो. इंप्लांट म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू. तो हाडात पक्का व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि खर्च रूट कॅनालच्या कितीतरी पुढे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: चावायची मोठी दाढ असेल, मूळ शाबूत असेल आणि वर कॅप धरण्याइतका दात उरला असेल, तर फुकट निघते म्हणून काढू नये. अक्कलदाढ असेल, दाढ हलत असेल, मुळापर्यंत उभी चीर गेली असेल, तर काढायला हरकत नाही, आणि मग सरकारी दवाखान्यासारखी जागा नाही.

काढल्यावर बिघडतं ते घरी. कापसाचा बोळा ३०–४५ मिनिटं दाबून धरायचा, त्या दिवशी थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉनं काही प्यायचं नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते तीच जखम भरते. थुंकून ती निघाली की तिसऱ्या दिवशी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते. मिश्री आणि तंबाखू तर किमान तीन-चार दिवस बंद. आपल्याकडे बायका "मिश्रीनं बरं वाटतं" म्हणून त्याच जागी बोट फिरवतात आणि जखम चिघळते.

रूट कॅनालमध्ये नक्की होतं काय

पहिल्या खेपेला एक्स-रे, भुलीचं इंजेक्शन, मग दाढेला वरून भोक पाडून नस काढतात. मोठ्या दाढेत तीन-चार नळ्या असतात. वरच्या पहिल्या दाढेची चौथी नळी इतकी बारीक असते की ती सापडली नाही म्हणून काम फसल्याची उदाहरणं ढिगानं आहेत. प्रत्येक नळीची लांबी मोजून बारीक फाइलनं घासतात, सोडियम हायपोक्लोराइटनं धुतात. हेच मुख्य काम. फाइल नुसती वाट मोकळी करते, जंतू मरतात ते या पाण्यानं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावतात, त्यानं थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. पडदा लावणारा डॉक्टर दिसला तर सरकारी असो की खासगी, चांगली खूण समजा. जंतुसंसर्ग जास्त असेल तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवून आठ-पंधरा दिवसांनी बोलावतात. शेवटी गटापर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थानं नळ्या भरतात.

मधल्या दिवसांत वर तात्पुरतं सिमेंट असतं. ते निघालं तर लगेच फोन करा. उघड्या दाढेत आठ दिवसांत पुन्हा जंतू भरतात आणि आधीचं काम पाण्यात जातं.

आणि कॅप. नस काढलेली दाढ आधीच पोखरलेली, त्यात मधोमध भोक. कडक भाकरी किंवा हाडूक चावताना ती उभी चिरते. कॅप न घालता सोडलेलं रूट कॅनाल म्हणजे कागद न अंथरलेलं शेततळं: खोदाईचा सगळा खर्च झाला आणि पाणी टिकत नाही. खासगीत दर विचारताना म्हणूनच "रूट कॅनालचे किती?" हा अर्धा प्रश्न आहे. वरचं पक्कं सिमेंट आणि कॅप धरून एकूण किती, हे विचारा. दोन क्लिनिकांच्या दरातला फरक बऱ्याचदा इथंच लपलेला असतो.

कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची असते. मागच्या दाढेला धातूची घालायला लाजू नका. चांदीसारखी दिसते खरी, पण दात कमी घासावा लागतो, सहसा फुटत नाही आणि स्वस्त पडते. झिर्कोनियासोबत वॉरंटी कार्ड मिळतं; ते बहुतेक वेळा कॅप फुटण्याचं असतं, आतल्या दाताला पुन्हा कीड लागण्याचं नसतं.

"शिकाऊ पोरं माझ्यावर हात साफ करणार का?"

डेंटल कॉलेजबद्दलची ही भीती. बीडीएस, म्हणजे दाताच्या डॉक्टरची पदवी, पाच वर्षांची असते, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. विद्यार्थ्याला प्रत्येक टप्प्यावर शिक्षकांना दाखवून सही घ्यावी लागते, तेव्हाच पुढची पायरी. म्हणून काम संथ होतं, आणि म्हणूनच उडवाउडवी कमी होते. कवळीचं बघा: पहिलं माप, पक्कं माप, जबड्यांचा मेळ, मेणात दात बसवून बघणं, मग अंतिम कवळी. पाच खेपा. घाईत एखादी पायरी गाळली की खालची कवळी बोलताना उडते. वयस्कर माणसाला वेळ आहे आणि कॉलेज गावाजवळ आहे, तर कवळीसाठी कॉलेजच बरं.

तोटेही सांगायला हवेत. एका बैठकीत दोन-दोन तास तोंड उघडं ठेवावं लागतं. परीक्षा आणि सुट्ट्यांत कामं लांबतात. तुमचा विद्यार्थी पास होऊन गेला तर फाइल दुसऱ्याकडे जाते आणि दोन आठवडे कुणी फोन करत नाही. ओपीडी नंबर, विभाग आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकांचं नाव पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या. अवघड, वाकड्या मुळाच्या दाढेसाठी एमडीएस, म्हणजे बीडीएसच्या पुढचं शिक्षण, करणारा विद्यार्थी मागता येतो. विचारण्यात गैर काही नाही. आणि उसाची तोड सुरू होणार असेल तर हे लांबणारं काम त्याआधी उरकेल असं बघा, अर्धवट सोडलेली दाढ हंगाम संपेपर्यंत थांबत नाही.

"खासगीवाले उगाच रूट कॅनाल सांगतात"

कधी सांगतातही. पण दुखत नाही म्हणजे गरज नाही, हा निकष चुकीचा. मेलेली नस दुखत नाही. एक्स-रे दाखवायला सांगा. कीड म्हणजे दातावरची गडद सावली. ती मधल्या नसेच्या पोकळीला भिडली आहे का, मुळाच्या टोकाशी काळा गोल आहे का, हे बोट ठेवून दाखवता येतं. दाखवायला कां-कूं करणाऱ्याकडे घाई करू नये. शंका राहिली तर तो एक्स-रे घेऊन कॉलेजच्या तपासणी ओपीडीत जा. थोडक्या पैशांत दुसरं मत मिळतं आणि तिथल्या माणसाला तुमच्या दाढेतून कमाई करायची नसते.

खासगीचे खरे फायदे दोन: वेळ ठरवून मिळते, आणि तोच डॉक्टर पुढची दहा वर्षं सापडतो. रोजंदारी बुडवून पाच खेपा घालणाऱ्याला कधी कधी खासगीतल्या दोन खेपाच स्वस्त पडतात. हप्ते विचारा, ओळखीच्या क्लिनिकात बहुधा मिळतात.

स्वच्छता मात्र पाटी बघून कळत नाही. हत्यारं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेत, १२१ अंशांवर निर्जंतुक करतात. नुसत्या उकळत्या पाण्यानं जंतूंचे टिकाऊ बीजाणू मरत नाहीत. हत्यारांची बंद पिशवी तुमच्यासमोर फोडली जाते का बघा. तिच्यावरची खूण वाफेनं रंग बदलते. दाताचे डॉक्टर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदलेले असावे लागतात. बाजारच्या दिवशी रस्त्यावर दात चिकटवणाऱ्याला यातलं काही लागू नाही आणि त्यानं चिकटवलेला दात काढताना शेजारचा जातो.

कुणी थेट सिव्हिलच गाठावं

रक्त पातळ करायची गोळी चालू असलेला, हृदयाची झडप बदललेला, साखर आटोक्यात नसलेला माणूस. दाढ काढण्याआधी रक्ततपासणी आणि फिजिशियनचं मत एकाच छताखाली मिळतं. गोळी मनानं बंद करू नका. दाढेतून जास्त रक्त आलं तर थांबवता येतं, हृदयात किंवा मेंदूत गुठळी गेली तर तसं सोपं नाही.

जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कडक सूज, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, ताप: ही दाढेचीच सूज असली तरी श्वास बंद करू शकते. क्लिनिक शोधत बसू नका, रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. दोन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं अल्सर, पांढरा किंवा लाल चट्टा, गुटख्यानं आखडलेलं तोंड ज्यात तीन बोटं उभी मावत नाहीत, यांनाही सिव्हिल किंवा कॉलेजच. तुकडा काढून तपासायची सोय तिथं असते, आणि निदान वाईट निघालं तर पाच लाखांचं कार्ड तेव्हा कामी येतं.

मुलांचं थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासून चिठ्ठी देतं, ती दप्तरात राहू देऊ नका. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागं, एकही दात न पडता, पहिली पक्की दाढ येते. आई-बाप तिला दुधाची समजतात आणि 'पडेलच की' म्हणून सोडतात. ती पडत नाही, किडते.

कागद सांभाळा

कुठंही गेलात तरी केस पेपरवर दाताचा नंबर लिहिलेला असतो, तो वाचता यायला हवा. पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश: तुमची उजवी वरची बाजू १, डावी वरची २, डावी खालची ३, उजवी खालची ४. दुसरा आकडा मधल्या रेषेपासून मोजलेला दात. म्हणजे ४६ ही उजवीकडची खालची पहिली मोठी दाढ. सरकारीत काढलेला एक्स-रे, कॉलेजमधली फाइल आणि खासगीतली पावती यांवर एकच नंबर आहे ना ते बघा. ठणका डोक्यापर्यंत पोचला की रुग्णालाही नेमकी दाढ सांगता येत नाही, वरची दुखते तेव्हा खालची वाटते. भूल देण्याआधी "सेहेचाळीसच ना डॉक्टर?" एवढं विचारायला काहीच हरकत नाही.